भर पावसात मोटारसायकल: ब्रिटिश टोमणे, अमेरिकी टोमणे आणि त्यांतले खरे

ब्रिटिश आणि अमेरिकी मोटारसायकलस्वार एकत्र निघाले आणि आभाळ भरून आले, की पहिला थेंब पडण्याआधीच थट्टा सुरू होते. अमेरिकी विचारतो, "तुमच्याकडचा उन्हाळा यंदा कोणत्या वारी होता?" ब्रिटिश उत्तर देतो, "चार शिंतोडे पडताच पुलाखाली जाऊन उभे राहणाऱ्यांनी ऋतूंबद्दल बोलू नये." हे टोमणे वापरून वापरून गुळगुळीत झाले आहेत, तरीही मी ते कान देऊन ऐकतो, कारण प्रत्येक टोमणा समोरच्याच्या नेमक्या उणिवेवर बोट ठेवतो. दिवसभर भिजत चालत कसे राहावे हे ब्रिटिशांना चांगले जमते आणि कधी थांबावे हे अमेरिकींना चांगले कळते. पावसात गाडी चालवायची तर या दोन्ही गोष्टी लागतात, आणि पुढील सूचना याच धोरणाने लिहिल्या आहेत.

पाऊस कोणता, ते आधी ओळखावे

ब्रिटनमध्ये बेसुमार पाऊस पडतो, असे अमेरिकी स्वार छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात लंडनमध्ये वर्षाला सुमारे ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि न्यूयॉर्कमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट. हे ऐकवले की अमेरिकी मंडळी क्षणभर गप्प होतात. मग कोणीतरी कंब्रियातल्या सीथवेट या वस्तीचे नाव काढतो, जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, आणि हिशेब पुन्हा बरोबरीत येतो. स्वाराच्या दृष्टीने मात्र पावसाच्या एकूण मापापेक्षा त्याची पडण्याची तऱ्हा महत्त्वाची असते. ब्रिटनच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात पावसाची झड लागते. ती थंड असते, वाऱ्याबरोबर तिरपी येते आणि तासन्‌तास थांबत नाही. अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानांत आणि फ्लोरिडात उन्हाळ्यातला पाऊस वळवासारखा कोसळतो. त्याच्याबरोबर विजा, कधी गारा आणि असा सोसाट्याचा वारा येतो, की वीस मिनिटे समोरचे काही दिसत नाही आणि मग लख्ख ऊन पडते. झडीत माणूस हळूहळू गारठतो, तर वळवात तो एकाएकी आंधळा होतो. झडीसाठी चांगले कपडे लागतात, वळवासाठी चांगला आडोसा.

हवामानाचा इशारा वाचतानाही हा फरक लक्षात ठेवावा. ब्रिटनचे हवामान खाते, म्हणजे मेट ऑफिस, पिवळा, अंबर आणि लाल अशा चढत्या रंगांत इशारे देते. अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिसकडे 'वॉच' आणि 'वॉर्निंग' असे दोन शब्द आहेत. 'वॉच' म्हणजे वादळाला पोषक परिस्थिती आहे, नजर ठेवा; 'वॉर्निंग' म्हणजे वादळ आले आहे किंवा येऊन ठेपले आहे. पिवळ्या इशाऱ्यात निर्धास्तपणे फिरायची सवय असलेला ब्रिटिश पाहुणा 'वॉर्निंग' हा शब्दही त्याच मापाने मोजतो. ही चूक महागात पडू शकते.

कपडे, आणि बाही कुठे खोचावी

कपड्यांचा विषय निघाला की दोन्ही देश आपापला इतिहास बाहेर काढतात. ब्रिटिश मेणकापडाचे गुणगान करतात. बारबर या साउथ शील्ड्सच्या कंपनीने १९३६ साली मोटारसायकलस्वारांसाठी बनवलेले मेणकापडी जाकीट पुढे इतके गाजले, की १९६४ मध्ये पूर्व जर्मनीतील एरफुर्ट येथे झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अभिनेता स्टीव्ह मॅकक्वीन अमेरिकी संघातून उतरला, तेव्हा त्याच्या अंगावर ते ब्रिटिश जाकीट होते आणि खाली ब्रिटिश ट्रायम्फ मोटारसायकल. यावर अमेरिकींचे उत्तर तयार असते: आज प्रत्येक ब्रिटिश स्वार गोअर-टेक्स या पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या ज्या कापडाच्या भरवशावर घराबाहेर पडतो, त्यामागचा शोध १९६९ साली अमेरिकेत रॉबर्ट गोअर यांनी लावला. दोघांचेही म्हणणे खरे आहे. आजच्या घडीला निवड करायची तर श्वास घेणाऱ्या पडद्याचे कापड घ्यावे. मेणकापड दिसते सुंदर, पण दर हंगामात त्यावर नव्याने मेण चढवावे लागते आणि ज्या खुर्चीवर बसावे तिच्यावर आपली खूण उमटते.

चामड्याबद्दल मात्र माझे मत ठाम आहे. काळे चामडी जाकीट घसरून पडल्यावर कातडी वाचवते, पण पाण्यापुढे त्याचा इलाज चालत नाही. ते पाणी पिते, जड होते आणि दुसऱ्या दिवशीही ओलेच राहते. चामडे घालायचेच असेल तर वरून चढवायचा पातळ पावसाळी पोशाख सोबत असावा आणि तो पाऊस सुरू होण्यापूर्वी अंगावर असावा. "थोडे पुढे जाऊन बघू" असे म्हणणारा माणूस हमखास भिजल्यानंतर रेनकोट घालतो आणि मग ओल आत कोंडून घेतो.

पावसाळी विजार बुटांवरून चढवणे ही एक वेगळीच कसरत आहे. वेल्समध्ये एका रस्त्याकडेच्या थांब्यावर मी एका अमेरिकी सोबत्याला एका पायावर उड्या मारताना पाहिले आहे: ओला बूट विजारीच्या अस्तरात अडकलेला, एक हात गाडीच्या सीटवर आणि तोंडाने अखंड आशीर्वाद चाललेले. शेजारच्या ब्रिटिश स्वाराने काही न बोलता खिशातून दुकानात मिळते तशी प्लॅस्टिकची पिशवी काढली, बुटावर चढवली आणि विजार सर्रकन वर ओढून दाखवली. पिशवी काढून परत देताना तो इतकेच म्हणाला, "जपून ठेव, इंग्लंडात आता एका पिशवीचे १० पेन्स पडतात." ही युक्ती खरोखर उपयोगी आहे आणि अशा दोन पिशव्या सीटखाली कायम असाव्यात.

हातमोज्यांचा प्रश्न अधिक बारकाव्याचा आहे. मोज्याची मनगटपट्टी बाहीच्या आत असावी की बाहेर, यावर दोन देशांचे स्वार भांडतात आणि गंमत म्हणजे आपापल्या गाडीवर दोघेही बरोबर असतात. हँडल खाली आणि पुढे असेल तर हात उतरते राहतात, पाणी कोपराकडून बोटांकडे वाहते, म्हणून बाही मोज्यावरून यायला हवी. अमेरिकी धाटणीच्या उंच हँडलावर हात खांद्याइतके वर असतात, पाणी बोटांकडून कोपराकडे उतरते, म्हणून तिथे मोजा बाहीवरून यायला हवा. आपल्या गाडीवर बसून, हँडल धरून, कोणाला तरी मनगटावर पेलाभर पाणी ओतायला सांगावे. वाद तिथेच मिटतो.

बाकी ठिकाणी पाणी शिरते ते मानेतून आणि मांड्यांच्या सांध्यातून. मानेला जलरोधक पट्टा गुंडाळावा. बसल्यावर मांडीत पाण्याचे तळे साचते आणि शिवण कितीही चांगली असली तरी ते कधीतरी वाट काढते, म्हणून मधूनमधून पेगवर, म्हणजे पाय ठेवण्याच्या दांड्यांवर, उभे राहून ते पाणी सांडून टाकावे. या ठिकाणी भाषा आडवी येते. ब्रिटिश इंग्रजीत 'पँट्स' म्हणजे आतली चड्डी, अमेरिकीत बाहेरची विजार. त्यामुळे अमेरिकी स्वाराने आपली पँट दर वेळी सीटवर बसल्यावर ओली होते असे गंभीर चेहऱ्याने सांगितले, की चहाच्या टेबलावरची ब्रिटिश मंडळी पुढचा अर्धा तास कामातून जातात.

हेल्मेटची काच धुके धरते, कारण बाहेर थंडी आणि आत उच्छ्वास. दुहेरी काचेचा पडदा बसवणे हा यावरचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. ब्रिटनमध्ये १९७३ पासून हेल्मेट सक्तीचे आहे. अमेरिकेत तो राज्याराज्याचा प्रश्न असून न्यू हॅम्पशायर, इलिनॉय आणि आयोवा येथे प्रौढांवर अशी सक्ती नाही. ताशी ६० मैलांवर उघड्या तोंडावर पावसाचे थेंब टाचण्यांसारखे बोचतात, हे तिथल्या स्वारांनी स्वतः सांगितलेले आहे. त्यावर ब्रिटिशांना वेगळी कोटी करावी लागत नाही.

रंगाच्या बाबतीत ब्रिटिशांचे ऐकावे. झगझगीत पिवळ्या जाकिटाला अमेरिकी मंडळी रस्ते दुरुस्तीवाल्याचा गणवेश म्हणतात. म्हणू द्यावे. पावसात मोटारचालकाची काच ओघळांनी भरलेली असते आणि त्यातून त्याला काळे जाकीट, काळी गाडी आणि काळा रस्ता एकच दिसतो.

टायर आणि रस्ता

लांबच लांब सरळ रस्त्यांवर धावून अमेरिकी गाडीचे मागचे टायर मध्यभागी सपाट होते. "तुमची टायरे चौकोनी असतात" हा ब्रिटिशांचा लाडका टोमणा आहे, आणि पावसाच्या दृष्टीने तो गंभीरपणे घ्यावा. सरळ चालताना पाणी बाजूला सारण्याचे काम मधल्याच खाचा करतात, आणि त्याच झिजलेल्या असल्या तर टायर पाण्यावर तरंगू लागते. ब्रिटनमध्ये ५० सीसीवरील मोटारसायकलच्या टायरची खाच, रुंदीच्या तीन चतुर्थांश भागात, किमान १ मिलिमीटर असावी असा कायदा आहे. कायदा पाळला जातो म्हणून पाणी आपल्याला सोडत नाही. मी २ मिलिमीटरलाच टायर बदलतो. टोमण्याची परतफेडही आहे. डावीकडून चालणाऱ्या ब्रिटनमध्ये टायरची उजवी बाजू आधी झिजते, असा स्वारांचा नेहमीचा अनुभव आहे. टायर तपासताना फक्त मध्यभाग पाहून समाधान मानू नये. हवेचा दाब गाडीच्या उत्पादकाने सांगितलेला ठेवावा. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करण्याचा सल्ला दोन्ही देशांत ऐकू येतो आणि तो दोन्ही देशांत चुकीचा आहे, कारण हवा कमी झाली की खाचा मिटतात आणि पाणी निघायला जागा उरत नाही.

चांगल्या टायरला ओल्या डांबरावर पुष्कळ पकड मिळते. घात करतात ते डांबरावरचे इतर पदार्थ. बऱ्याच कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस सर्वांत वाईट, कारण रस्त्यात मुरलेले तेल आणि रबराची धूळ वर तरंगते आणि जोराची सर ते धुऊन नेईपर्यंत रस्ता साबणासारखा राहतो. कॅलिफोर्नियात महिनोन्‌महिने पाऊस नसतो, म्हणून तिथला पहिला पाऊस विशेष जपून घ्यावा. शक्य असल्यास अर्धा तास कॉफी प्यावी. ब्रिटनमधला कायमचा शत्रू म्हणजे गोल चौकांत सांडलेले डिझेल. काठोकाठ टाकी भरलेला ट्रक वळताना ते सांडतो, आणि ते बहुधा बाहेरच्या बाजूला पसरते. ओल्या रस्त्यावर इंद्रधनुष्यासारखी झाक दिसली किंवा हेल्मेटच्या आत डिझेलचा वास आला, की गाडी सरळ करावी, वेग उतरवावा आणि ब्रेक सोडून द्यावा.

गटारांची झाकणे, पांढरे पट्टे, रेल्वेचे रूळ आणि डांबराने भरलेल्या भेगा यांवरून जाताना गाडी शक्य तितकी उभी असावी आणि त्या क्षणी ब्रेक, क्लच, गिअर कशालाही हात लावू नये. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडावेत. भेगांवरच्या त्या काळ्या वळवळत्या रेघांना अमेरिकी स्वार 'टार स्नेक', म्हणजे डांबराचे साप म्हणतात. ब्रिटिशांचा शब्द 'ओव्हरबँडिंग' आहे, जो एखाद्या सरकारी निविदेतून उचलल्यासारखा वाटतो. या बाबतीत अमेरिकी नामकरणाला दाद द्यायला हवी. अमेरिकेत लोखंडी जाळीचे पूलही लागतात. त्यांवर गाडी डावी-उजवीकडे किंचित भटकते. हँडल आवळून धरू नये, नजर दूर ठेवावी आणि गाडीला भटकू द्यावे.

शब्दांचा आणखी एक सापळा इथेच आहे. अमेरिकीच्या तोंडी 'पेव्हमेंट' म्हणजे रस्त्याचा पृष्ठभाग आणि ब्रिटिशाच्या तोंडी पदपथ. पुढच्या अमेरिकी स्वाराने हेडसेटवरून पेव्हमेंट निसरडी आहे असे कळवले, की मागचा ब्रिटिश हमखास विचारतो, "मग तू पदपथावर चढलासच का?" विनोद चांगला आहे, पण तो वळण संपल्यावर करावा.

थांबण्याचे अंतर आणि हात हलवण्याचा प्रश्न

ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत, ताशी ६० मैलांवर मोटार थांबायला ७३ मीटर लागतात असे धरले आहे, आणि ओल्या रस्त्यावर अंतर निदान दुप्पट ठेवण्यास सांगितले आहे. रस्त्यावर मीटर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजावेत. पुढचे वाहन एखाद्या खांबापाशी पोहोचल्यापासून आपण तिथे पोहोचेपर्यंत कोरड्यात २ सेकंद आणि पावसात ४ सेकंद जायला हवेत. ब्रेक दाबताना एकदम पकडू नये. पुढचा ब्रेक आधी हलका, मग वजन पुढच्या चाकावर आल्याचे जाणवले की हळूहळू घट्ट. ओल्या रस्त्यावर वजन पुढे कमी सरकते, त्यामुळे मागच्या ब्रेकचा वाटा कोरड्यापेक्षा जास्त ठेवावा. १२५ सीसीहून मोठ्या नव्या मोटारसायकलींना युरोपात २०१६-१७ पासून एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, बंधनकारक झाले, ब्रिटनही तेव्हा त्यात होता. अमेरिकेत अशी सक्ती नाही. परदेशात भाड्याने घेतलेल्या गाडीला एबीएस असेलच असे गृहीत धरू नये.

वाहनांच्या रांगांमधून पुढे सरकणे ब्रिटनमध्ये कायदेशीर आहे, आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१६ च्या कायद्याने त्याला रीतसर मान्यता दिली. पावसात मात्र तो मोह आवरावा, कारण रांगांच्या मधली जागा म्हणजेच रंगवलेला पट्टा असतो आणि धुरकट आरशांतून कोणालाही आपण दिसत नाही.

समोरून येणाऱ्या स्वाराला नमस्कार करण्याची पद्धतही वादाचा विषय आहे. अमेरिकी डावा हात खाली सोडून दोन बोटे दाखवतात, ब्रिटिश नुसती मान डोलावतात, आणि त्यावरून त्यांना ताठ म्हटले जाते. कारण साधे आहे: डावीकडून चालणाऱ्याच्या उजव्या हाताला समोरचा स्वार येतो, आणि तो हात ॲक्सिलरेटरवर अडकलेला असतो. पावसात ब्रिटिश पद्धत घ्यावी. दोन्ही हात हँडलवर राहू द्यावेत. कोणी रागावत नाही.

पावसामुळे थांबे वाढतात आणि पाहुण्या स्वारासाठी प्रत्येक थांब्यानंतरची सुरुवात धोक्याची असते. ओला, थंडावलेला, घाईत असलेला माणूस पेट्रोल पंपातून रिकाम्या रस्त्यावर निघताना सवयीने आपल्या देशाच्या बाजूला वळतो. टाकीवर रंगीत चिकटपट्टीचा बाण लावून ठेवावा. हसतील, तरी लावावा.

कधी थांबावे

विजा कडाडू लागल्या की अमेरिकींचे ऐकावे. मोटारीतल्या माणसाला धातूच्या कवचाचे संरक्षण असते, मोटारसायकलस्वाराला काहीच नसते, आणि सपाट मैदानात तो सभोवतालातली सर्वांत उंच वस्तू ठरू शकतो. पक्क्या इमारतीत जावे आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर ३० मिनिटे थांबावे. ब्रिटिशांनी ज्याची टर उडवली ती पुलाखाली उभे राहण्याची सवय मात्र खरोखरच वाईट आहे: मागून येणाऱ्याला अंधारात आपण दिसत नाही, आणि टोर्नेडोत, म्हणजे भोवऱ्यासारख्या फिरत्या वादळात, पुलाखालचा वारा उलट जोर धरतो. अमेरिकेचेच हवामान खाते तसे करू नका म्हणून सांगते. रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालू नये, मग पलीकडचा ब्रिटिश कितीही खाणाखुणा करो.

थंडीची गोष्ट वेगळी, कारण ती गुपचूप येते. ब्रिटिश स्वार "जरा दमट आहे" असे म्हणतो तेव्हा बुटात पाणी डुचमळत असते, आणि अमेरिकी "मेलो, मेलो" म्हणतो तेव्हा त्याला फक्त कॉफी हवी असते. मिश्र गटाच्या म्होरक्याने दोन्ही बोली बाजूला ठेवून ठोस प्रश्न विचारावेत: बोटे मिटता येतात का, पुढच्या गाडीचा मागचा दिवा दिसतो का, शेवटचे वळण आठवते का. थट्टा गाडीवर, कपड्यांवर, देशावर करावी. सर्वांत हळू चालणाऱ्यावर करू नये, कारण तो लाजून वेग वाढवतो. सकाळपासून सर्वांची टोपी उडवणारा माणूस दोन थांब्यांपासून एक शब्द बोललेला नसेल, तर तो गारठला आहे असे समजावे आणि पुढच्या चहाच्या ठिकाणी तास काढावा. लंडनचे एस कॅफे हा स्वारांचा अड्डा आणि साउथ डकोटातील स्टर्जिसचा मेळावा, दोन्ही १९३८ चे. दोन्हीकडे वाफाळता कप हातात धरून बोटांत जीव येण्याची वाट पाहणारे स्वार भेटतात.

मुक्कामी पोहोचल्यावर बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत आणि तासाभराने बदलावेत. बूट हीटरवर ठेवू नयेत. चेन गरम असतानाच पुसून वंगण द्यावे, कारण पाण्याने ते धुऊन नेलेले असते. सकाळी निघताना पहिल्या काही मीटरांत ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत. त्याआधी गाडीखालचे डाग पाहावेत. गाडी तेल गळत नाही, ती आपली हद्द आखते, हा विनोद अमेरिकी ब्रिटिश गाड्यांवर करतात आणि ब्रिटिश शब्दही न बदलता अमेरिकी गाड्यांवर करतात. रात्री निथळलेले पाणी आणि तेल ओल्या फरशीवर सारखेच दिसते. कागदी रुमालाने टिपून, बोटांवर चोळून खात्री करावी, आणि तेल असेल तर ते मागच्या टायरवर उडालेले नाही हे पाहूनच स्टार्टर दाबावा.